एका मिनिटातला नकार

तुम्ही म्हणाल, घरं भाड्यानं देणाऱ्या ऑफिसात असं काय मोठं घडणार! पण ऐका तर खरं. सहा माणसं, चार टेबलं आणि भिंतभर लटकलेल्या चाव्या, एवढंसं ते ऑफिस. रोज सकाळी तिथे नुसता बाजार भरायचा.

"अरे, तिसऱ्या मजल्याची चावी कुणी नेली?"

"मी नाही!"

"मग पार्टी दारात उभी आहे, तिला काय खिडकीतून आत सोडू?"

एकदा तर एकच फ्लॅट दाखवायला तीन एजंट तीन कुटुंबं घेऊन एकाच वेळी पोचले. आत तीन बायका एकाच ओट्याची उंची मोजतायत आणि बाहेर जिन्यात तीन एजंट एकमेकांवर ओरडतायत! कुणाला फोन केला, कुणाचा राहिला, कशाचा कशाला पत्ता नाही. सगळा कारभार चिठ्ठ्यांवर, आणि पंखा लावला की कारभार टेबलाखाली.

मग तिथे झटपट आला. त्याचं खरं नाव कुणी घ्यायचंच नाही. बोलणं झटपट, जेवण झटपट, शर्टाची बटणं लावणं इतकं झटपट की एखादं हमखास दुसऱ्याच्या काजात. वय सव्वीस. त्यानं साहेबांच्या मागे लागून लागून एक सॉफ्टवेअर आणलं. प्रत्येक पार्टीचं एक कार्ड. कार्ड स्क्रीनवर एका रकान्यातून दुसऱ्यात सरकायचं. चौकशी आली, घर दाखवलं, मालकाशी बोलणं झालं, कागद झाले, चावी दिली. कुठली चावी कुणाच्या खिशात आहे तेसुद्धा दिसायचं. महिन्याभरात ऑफिस असं काही सरळ झालं की साहेब म्हणाले, "तू आधी कुठे होतास रे?"

आणि इथेच घोळ झाला बघा. कौतुक झालं की हात शिवशिवतात.

ऑफिसात फोनवर एक ताई बसायची. पंधरा वर्षांची जुनी. तिच्याकडे एक काम असं होतं की दुसरं कुणी त्याला हात लावायचं नाही. एकटी राहणारी वयस्कर माणसं घर विचारायची, त्यांना 'नाही' म्हणायचं. साहेबांचं ठरलेलं होतं, "मालक देत नाहीत. उद्या आत काही झालं तर निस्तरायला आपण. टाळा." टाळायचं ताईनं. ती फोनवर अडखळायची, उगाच खोकायची, "बघते हं, कळवते" म्हणायची, आणि फोन ठेवला की पाच मिनिटं कुणाशी बोलायची नाही.

"ताई, एकेका फोनमागे पाच-पाच मिनिटं मौनव्रत!" झटपट म्हणाला. "थांब, तुझी सोय करतो."

त्यानं सिस्टममध्ये एक नियम घातला. घरासाठी आता ऑनलाइन अर्ज भरायचा. त्यात वय पासष्टच्या वर आणि राहणारं माणूस एक असलं, की कार्ड आपोआप 'थंड' नावाच्या रकान्यात. त्या माणसाला लगेच मेसेज, "आपल्या गरजेनुसार घर सध्या उपलब्ध नाही. आपला दिवस आनंदात जावो." खाली एक फूलही टाकलं त्यानं, पिवळं. ताईनं हुश्श केलं. साहेबांनी पाठ थोपटली. चार महिने सगळं कसं मस्त चाललं होतं.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला एक बाई आत आल्या. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. मनगटावर घड्याळ, हातात छोटी वही.

"या आजी, बसा," झटपट म्हणाला.

"आजी नको. मला नातू नाही. असता तर त्याला बटणं लावायला शिकवली असती."

सगळे खो खो हसले. झटपटही हसला आणि बटण काढून लावायला लागला. तेवढ्यात बाईंनी वही उघडली.

"मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. वेळ लिहून ठेवायची खोड गेली नाही. हे बघ. सोमवारी अकरा वाजून दोन मिनिटांनी मी तुमच्याकडे अर्ज केला. तुमचा नकार आला अकरा वाजून दोन मिनिटांनी. गुरुवारी पाच वाजून वीस. नकार, पाच वाजून वीस. सहा अर्ज, सहा वेगळी घरं, सहाही वेळा त्याच मिनिटात." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एका मिनिटात तुम्ही मालकाला विचारता कसं, तेवढंच शिकायला आले."

झटपटच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, ते सिस्टम करते. आमच्या हातात नसतं."

"सिस्टमला कुणी सांगितलं?"

साहेब एकदम ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागले. ताईनं मान खाली घातली.

"दाखव बरं," बाई म्हणाल्या.

नाही म्हणता आलं असतं त्याला. पण त्याचा हात आपसूक गेला आणि त्यानं स्क्रीन वळवला. आणि मग त्याच्या लक्षात आलं! प्रत्येक नियमाला एक नाव द्यावं लागतं, आणि चार महिन्यांपूर्वी त्यानं गमतीत ते दिलं होतं. आता स्क्रीन झाकायलाही उशीर झाला होता. बाईंनी चष्मा नीट केला आणि ऑपरेटरच्या त्या स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचलं,

"एकटे म्हातारे, गोड बोलून कटवा."

झटपटचे कान असे तापले की हात लावला असता तर चटका बसला असता.

"मॅडम, ते... गंमत म्हणून..."

"कळली गंमत." त्यांनी वही मिटली. "आमची इमारत पाडतायत. अकरा दिवसांत खाली करायची आहे. घर मिळालं नाही तर माझी भाची वृद्धाश्रमाचा फॉर्म भरणार. वाईट नाहीये ती जागा, मी बघून आले. पण नऊला दिवे बंद करतात आणि खोलीच्या दाराला आतून कडी नाही. मला माझी कडी हवी आहे रे बाबा. बाकी माझं काही मागणं नाही."

आता साहेब उठले. "बाई, आमचा काय दोष? मालकच देत नाहीत."

"कुठला मालक?"

"सगळेच."

"मी विचारलेल्या सहांपैकी कुणाला विचारलंत?"

साहेब परत बसले.

बाई चिडल्या नव्हत्या हो, तेच तर जास्त लागत होतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही लाइन मिळायची नाही. लोक चिडायचे, कुणी रडायचं. मी हजारो लोकांना सांगितलंय, लाइन मिळत नाही म्हणून. पण सांगायच्या आधी प्रत्येक वेळी लावून बघितली होती. आणि सांगताना त्या माणसाचा आवाज माझ्या कानात असायचा. मुला, तुझं मशीन चांगलं आहे. मागे मी एकदा आले होते तर इथे नुसता आरडाओरडा चालला होता. आज किती शांत आहे! पण तोंडावर नाही म्हणताना माणसाला कसंतरी होतं ना, ते कसंतरी होणं तुम्ही त्या मशीनवर ढकललंत. त्याला कुठली आलीय लाज!"

तेव्हा ताई बोलली. इतकी हळू की सगळ्यांनी वळून पाहिलं. "मला दर वेळी लाज वाटायची. आणि ती गेली तेव्हा मला बरं वाटलं हो. मी त्याला थँक्यू म्हणाले." आणि तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

झटपटनं फोन उचलला. बाईंसमोरच. त्या सहा घरांच्या मालकांना एकेक करून लावायला लागला.

पहिल्यानं वय ऐकलं आणि फोन ठेवला. दुसरा म्हणाला, "नको बाबा, उगाच डोक्याला ताप." तिसरा म्हणाला, "विचार करून सांगतो," म्हणजे तेही नाहीच. प्रत्येक वेळी फोन ठेवून झटपटला समोर बसलेल्या बाईंकडे बघून सांगावं लागत होतं, "नाही म्हणाले." तीन वेळा सांगितलं त्यानं. ताई पंधरा वर्षं काय करत होती ते त्याला त्या दहा मिनिटांत कळलं.

चौथी मालकीण. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. "एकटी बाई? मग पाठवा की!" ती जवळजवळ ओरडलीच. "मला सोबतच होईल. मी तरी काय विशीची आहे का? आणि काय हो, चार महिने माझ्या खोल्या रिकाम्या आहेत, दर वेळी तुम्ही सांगता पार्टीच येत नाही!"

चार महिने! नियम घातल्यापासून! घर रिकामं, माणूस दारात, आणि मध्ये उभा कोण? आपला झटपट आणि त्याचं पिवळं फूल! जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

दुपारी बाईंनी त्या खोल्या पाहिल्या. आतून कडी दोनदा लावून काढली. मालकिणीनं विचारलं, "पण पडलात-बिडलात तर?"

"तर उठेन. नाही उठता आलं तर तुम्हाला हाक मारीन. आणि तुम्ही पडलात तर तुम्ही मला हाक मारा."

झालं, जमलं दोघींचं.

गोष्ट इथे संपली असती तर झटपटला रात्री झोप तरी आली असती. पण ऑफिसात परत आल्यावर त्यानं तो 'थंड' रकाना उघडला. चार महिन्यांत पहिल्यांदा. बाईंचं सोडून त्रेचाळीस कार्डं! त्रेचाळीस माणसं, आणि त्यांच्यातल्या एकासाठीही कुणी एकाही मालकाला फोन लावला नव्हता.

"जाऊ दे रे, जुनं झालं ते," साहेब म्हणाले.

"जुनं नाही साहेब, आपलंच आहे."

त्यानं तो नियम काढून टाकला आणि फोन घेऊन बसला. मेसेज नाही, फोन! "मी माफी मागायला फोन केलाय. आम्ही मालकांना न विचारताच तुम्हाला घर नाही म्हणून सांगितलं." एकानं अशा शिव्या घातल्या की विचारू नका. झटपटनं त्या सगळ्या ऐकल्या. एक बाई नुसती हसली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं." अकरा जणांना अजूनही घर हवं होतं. ती कार्डं परत पहिल्या रकान्यात गेली. अर्धे फोन ताईनं केले, आणि दुसऱ्या दिवशी साहेबही एक यादी घेऊन मालकांशी बोलायला बसले. घाम फुटत होता त्यांना.

सतराव्या कार्डावर एक गृहस्थ होते. अर्जात लिहिलेलं, "खिडकीशी टेबल मावेल एवढी खोली पुरे." फोन त्यांच्या मुलीनं घेतला. परगावाहून येऊन त्यांच्या जुन्या घरातलं उरलेलं सामान बांधत होती.

"बाबा मागच्या महिन्यात वृद्धाश्रमात गेले," ती म्हणाली. "तुमचा मेसेज आला आणि म्हणाले, या शहरात घरच शिल्लक नाही म्हणजे. मग सही केली त्यांनी."

झटपट सॉरी म्हणायला गेला. ती म्हणाली, "मला कशाला? त्यांना सांगा," आणि पत्ता दिला.

रविवारी तो गेला. लांबलचक व्हरांडा, ओळीनं खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीत ते गृहस्थ, मांडीवर घडी घातलेला पेपर. झटपटनं सगळं सांगितलं. नियम, मेसेज, आणि हेही की ज्या खोलीसाठी त्यांनी अर्ज केला होता तिच्या मालकाला त्यानं काल विचारलं होतं. मालक म्हणाला होता, मला काही हरकत नव्हती, पण आता दिली दुसऱ्याला. शेवटी त्यांनी विचारलं,

"म्हणजे घर होतं?"

"हो."

"मला वाटलं, नव्हतं."

एवढंच. ना राग, ना काही. पेपर उलगडला त्यांनी, पण वाचत नव्हते. झटपट शेजारच्या खुर्चीत तासभर बसून राहिला. दुसरी खोली शोधतो म्हणाला, तर ते म्हणाले, "आता परत सामान बांधायचं त्राण नाही रे."

तर मंडळी, ते सॉफ्टवेअर अजून आहे आणि छान चाललंय. चाव्या हरवत नाहीत, जिन्यात भांडणं होत नाहीत. फक्त एक बदल केलाय. मालकाला विचारल्याशिवाय आणि त्या माणसाशी स्वतः बोलल्याशिवाय नकाराच्या रकान्यात कार्ड सरकतच नाही. कामं पटापट व्हावीत हो, त्यात काहीच वाईट नाही. मशीनला यादी करू द्या, आठवण करू द्या, चाव्या मोजू द्या. पण तुमच्या-माझ्या ऑफिसात, सोसायटीत, दुकानात कुणाला नाही म्हणायची वेळ आली, तर ते आधी विचारून, मग स्वतःच्या तोंडानं म्हणा. म्हणताना मान खाली गेली तर जाऊ द्या. खाली जायलाच हवी ती, कारण समोर माणूस आहे!