बाहीवरचा मारेकरी

मी एक जिवाणू बोलतोय. डोळ्यांना दिसणार नाही एवढा, पण धंदा खुनाचा. बुरशी दिसली की तिच्या धाग्यांना भोकं पाडायची, आतला रस सांडायचा आणि तिच्या मढ्यावर आपली पोरं वाढवायची, हे आमचं जगणं.

आमचं मूळ घर भाताचा पेंढा. त्यात उकडलेलं सोयाबीन गुंडाळलं की आम्ही त्याचा तार सुटणारा, उग्र वासाचा नात्तो करतो. इसाओ या जपानी शेतकऱ्याने मात्र आम्हाला पांढऱ्या भुकटीच्या रूपात विकत आणलं. त्याच्या मांडवातल्या स्ट्रॉबेरीवर राखाडी बुरशी चढली होती, फळं झाडावरच सडत होती. त्याने आम्हाला मांडव ऊबदार ठेवणाऱ्या गरम हवेच्या नळीत ओतलं. आम्ही फुलाफुलांवर उतरलो आणि कत्तल केली. पीक वाचलं. इसाओ आम्हाला देव मानायला लागला.

हिवाळ्यात तो थोरला भाऊ योशिहारू याच्या साकेच्या, म्हणजे भाताच्या दारूच्या, कारखान्यात भात उपसायला जाई. तिथे वाफवलेल्या भातावर कोजी वाढवतात. तीही बुरशीच, पण तिच्यावाचून साके होत नाही. म्हणून हिवाळाभर तिथे कुणी नात्तोला शिवत नाही. इसाओही शिवला नव्हता. पण मी त्याच्या कोटाच्या बाहीत बसून गेलो. उबदार कोजी दिसली आणि माझे हात शिवशिवले. लाडकी बुरशी कोणती, नावडती कोणती, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी सगळा भात बुळबुळीत करून टाकला.

योशिहारूने भाताला नाक लावलं आणि भावाला गचांडी धरून अंगणात ओढलं.

"नात्तो खाऊन आलास?"

इसाओ नाही म्हणाला. ठोसा बसला.

"यंदा देवापुढे साकेऐवजी काय ठेवू, तुझं थोबाड?"

पुन्हा नाही म्हणाला, तेव्हा लाकडी फावडं तोंडावर आलं. दात बर्फात पडला, बर्फ लाल झालं. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

घरी त्याची बायको मित्सुए हिने रक्ताळलेला कोट झटकला. बाहीतून पांढरी भुकटी उडाली. ती तशीच कोट घेऊन कारखान्याच्या फाटकापाशी गेली. इसाओ तिला अडवत मागोमाग आला.

"भावोजी, मी आत येत नाही. तुमची कोजी बाहीतल्या या नात्तोच्या जिवाणूंनी मारली. माझ्या नवऱ्याच्या तोंडाने नाही."

योशिहारूने बाही उलटून पाहिली. मग अंगणातल्या चुलीचं दार उघडून कोट आत फेकला आणि भावासमोर बर्फात गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. इसाओने वाकून त्याचा दंड धरला.

"ऊठ दादा," तो फुटक्या ओठांनी म्हणाला. "भात परत कधी वाफवायचा?"

"आधी आंघोळ करून ये," दादा रडत म्हणाला.

उकळतं पाणी मी सोसतो, आगीपुढे माझं काही चालत नाही. आता बाही पेटली आहे. मांडवात माझे भाऊबंद आहेत, त्यांना तिथेच राहू द्या. आणि मारेकरी घरात पाळलात, तर दुसऱ्याच्या दारात जाताना कपडे बदला.