दोन साखरा आणि तीन वेळा धुतलेली नळी

चार वाजता काकांच्या बदलीचं पत्र निघणार होतं, आणि दोन तर वाजून गेले होते. एकतीस वर्षं प्रयोगशाळेचं काचसामान सांभाळलेल्या माणसाला तळघरात रिकामी खोकी मोजायला धाडायचं, असं सरांनी ठरवलं होतं. कारण पुरवलं होतं धाकटीने. संशोधकांत वयाने लहान म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. जीभ मात्र लहान नव्हती.

भानगड अशी. कढत, आंबट झऱ्यांत आर्किया नावाचे सूक्ष्मजीव राहतात. दिसायला जिवाणूंसारखे, पण घराणं वेगळं. त्यांतल्या एकाचं साखर पचवणारं एन्झाइम धाकटीने तीन वर्षं खपून वेगळं काढलं. ते ग्लुकोजवर काम करायचं, आणि गॅलेक्टोजवरही तितक्याच जोमाने. या दोन साखरा म्हणजे जुळ्या बहिणी. एकीचा भांग डावीकडे, दुसरीचा उजवीकडे, एवढाच काय तो फरक. पण बहुतेक एन्झाइमं तेवढ्यावरूनही एकीला दारातून परत लावतात. एकच एन्झाइम दोघींना घरात घेणार नाही, नमुन्यात दुसरं मिसळलंय, असं सर म्हणाले, आणि चूक कोणाची ते विचारलं. धाकटीचं धाबं दणाणलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला: ज्या नळीतून प्रथिनं वेगळी करतात, ती काकांनी नीट धुतली नसेल.

ते धुणं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हे ती बोलली नाही. काकांना कोणी विचारलंही नाही.

तीन आठवडे ती हा काटा घेऊन वावरत होती. आज नमुन्याच्या उरल्यासुरल्या थेंबांवर निकाल लागणार होता. युक्ती साधी होती. नमुना तापवत ठेवायचा आणि मधूनमधून मोजायचा. एन्झाइमं दोन असतील तर एक आधी मरेल, दुसरं मागाहून. एकच असेल तर दोन्ही साखरांवरचं काम बरोबरीने घटेल.

ऐंशी अंशांवर अर्धा तास ठेवलं तरी काडीचा फरक पडला नाही. कढत झऱ्यात जन्मलेल्याला ते म्हणजे अंघोळीचं पाणी. घड्याळ पुढे पळत होतं. तिने तापमान पंच्याण्णववर नेलं आणि दहा मिनिटांनी पहिला थेंब काढला.

ग्लुकोजवर शंभरातले एकाहत्तर उरले होते. गॅलेक्टोजवर अठ्ठेचाळीस.

म्हणजे एन्झाइमं दोन होती. धुऊनही नळीत काहीतरी राहिलं होतं आणि ती खोटी ठरत नव्हती. धाकटीला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ स्वतःचीच किळस आली. एका भल्या माणसाची खुर्ची जाणार, म्हणून तिला हायसं वाटत होतं.

काका धुतलेल्या नळ्या घेऊन मागे उभे होते. त्यांनी हात पुढे करून बाटली चाचपली.

"ताई, ही गॅलेक्टोजची बाटली गार लागतेय. ग्लुकोजची तुम्ही तापवून घेतलीत, ही तशीच फ्रिजमधून आलीय."

गारठ्यात हे एन्झाइम सुस्तावतं, हे तिथल्या कोणालाही ठाऊक होतं. अठ्ठेचाळीसचा आकडा वहीत लिहून झाला होता. तिथेच थांबलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. धाकटीने आकड्यावर काट मारली, बाटली तापवली आणि बर्फात ठेवलेल्या त्याच थेंबातून पुन्हा मोजलं. सत्तर.

विसाव्या मिनिटाला पन्नास आणि एक्कावन्न. तिसाव्याला छत्तीस आणि छत्तीस. नमुना संपला.

चाराला दहा कमी असताना ती वही घेऊन सरांच्या खोलीत शिरली. आकडे पाहून सर उठूनच उभे राहिले. एकच एन्झाइम, दोन्ही साखरा. यावर मोठा लेख होईल, असं त्यांनी दोनदा म्हटलं. टेबलावरचं पत्र फाडून टोपलीत टाकलं आणि काकांना आत बोलावून विचारलं, नळी नीट धुतली होती तर तेव्हाच का नाही बोललात?

काकांनी धाकटीकडे पाहिलं नाही.

"तीनदा धुतली होती, साहेब. ताई शेजारी उभ्या राहून मोजत होत्या," ते म्हणाले. "मला वाटलं, त्याच सांगतील."