बाबांनी काढलेली गाठ

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवरच्या टेबलावर माझे भाऊजी पोट उघडं टाकून पडले होते आणि नुसत्या हाताने ऑपरेशन करणारे हातबाबा त्यांच्या पोटात चक्क बोटं खुपसत होते. सुरी नाही, भूल नाही. रक्ताचा ओघळ आला, बायका किंचाळल्या आणि बाबांनी एक लालभडक गाठ उंच धरली. पोट पुसलं तर साधा ओरखडाही नाही!

"डॉक्टर कापतात, आम्ही फक्त हाक मारतो!" बाबा गरजले. "गाठ आपल्या पायांनी बाहेर येते! मात्र तीन महिने आत कॅमेरा घालू द्यायचा नाही. उजेड लागला की गाठ परतते."

पाय असलेली गाठ! पण माझी ताई ढसाढसा रडत होती, तेव्हा मी जीभ आवरली. भाऊजींच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची सुरुवात दिसली होती. तो किती खोल गेलाय हे डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने बघणार होत्या. वरवर असेल तर दुर्बिणीतूनच निघणार होता. घरी येताच भाऊजींनी तपासणी रद्द करायला फोन उचलला.

बाबांनी गाठ बाटलीत घालून दिली होती. माझं कोंबडीचं दुकान. मी बाटली उजेडात धरली. गाठीच्या कडेला हिरवट डाग होता. साफ करताना पित्ताची पिशवी फुटली की कलेजीला हाच डाग पडतो. असला माल मी गिऱ्हाइकाला देत नाही.

"ताई, ही कलेजी आहे."

"तुला मेल्या जिथे तिथे कोंबडीच दिसते!"

"भाऊजी, तो फोन पाच मिनिटं खाली ठेवा."

मी दुकानातून कलेजी आणली आणि ताईच्या जेवणाच्या टेबलावर आडवा झालो. कापसाच्या बोळ्यात कलेजी आणि लाल पाण्याचा इवलासा फुगा. बोटं पोटावर दाबून आत दुमडली की ती पोटात गेल्यासारखी दिसतात. नखाने फुगा फोडला की रक्त! मी स्वतःच्या पोटातून लागोपाठ तीन गाठी काढल्या. तिसरीला ताई हसली आणि मग एकदम त्या बाटलीकडे बघू लागली.

"म्हणजे माझी..." भाऊजींनी पोटावर हात ठेवला.

"आहे तिथेच आहे."

दुसऱ्या दिवशी गाठ पडद्यावर जागच्या जागी हजर होती. बाईंनी तिच्यावर निळा रंग फवारला, कॅमेरा अगदी जवळ नेला. बारीक नक्षी उमटली.

"तुम्ही शिंपी ना? बघा, वीण अजून शाबूत आहे," बाई भाऊजींना म्हणाल्या. "ती विस्कटली असती तर रोग खोल गेला असं आम्ही समजलो असतो. हा वरच्या थरातच दिसतोय. दुर्बिणीतूनच काढू. नक्की खोली काढलेला तुकडा तपासून कळेल."

पुढच्या आठवड्यात गाठ निघाली. तुकड्याच्या तपासणीनेही तेच सांगितलं.

"आणि तीन महिने थांबलो असतो तर?" भाऊजींनी विचारलं.

"कदाचित काही झालं नसतं. कदाचित मुळं खोल गेली असती, मग पोट उघडावं लागलं असतं. कुणाच्या शब्दावर ही जोखीम घेणार होतात?"

मला आजही त्या बाबाचा संताप येतो, कलेजीसाठी नाही, त्या तीन महिन्यांसाठी. लोकहो, बाईंनी आपलंच म्हणणं दोनदा तपासून घेतलं. बाबांनी तपासणीवरच बंदी घातली. कुणी चमत्कार दाखवला तर खुशाल टाळ्या वाजवा, पण दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवू नका.