पाठीकडची बाजू

"हात वर करा साहेब. आणि श्वास रोखू नका, नाहीतर माप लबाड येतं."

साहेबांनी हात वर केले. गाऊनच्या रुंद बाह्या खांद्यापर्यंत घसरल्या आणि आतले काटकुळे दंड उघडे पडले. टाचणीबाईने नजर पटकन शिवणीकडे वळवली.

विद्यापीठाच्या सभागृहामागच्या त्या लांबट खोलीत दरवर्षी या दिवशी तिचं राज्य असे. नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार व्हायचा. त्यांचे गर्द निळे गाऊन तीच शिवायची, तीच अंगावर नीट बसवायची आणि कार्यक्रम संपला की उतरवूनही घ्यायची. डाव्या बाहीवर टाचण्यांची रांग लावून हिंडायची, म्हणून कुलगुरूंपासून शिपायापर्यंत सगळे तिला टाचणीबाईच म्हणत.

बाकीचे सत्कारमूर्ती तयार होऊन पुढच्या रांगेत जाऊन बसले होते. राहिले होते हे एकटे, दऱ्याखोऱ्यांत पूल बांधणारे इंजिनिअर. गाऊन त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता.

"फोनवर मापं तुम्हीच सांगितलीत ना?"

"मीच."

"खोटं नाही बोलला तो," खुर्चीवर बसलेली त्यांची बायको म्हणाली. "मापं खरीच होती. आजारपणाच्या आधीची." ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, आणि ते तिच्या आवाजावरूनच कळत होतं. "अरे, ताठ उभा राहा जरा. माझी पहिलीतली पोरं बरी तुझ्यापेक्षा."

"पहिलीतल्या पोरांना मधली सुट्टी असते," साहेब म्हणाले.

दोघं याच विद्यापीठात एका वर्गात शिकलेली. अरे-तुरे तेव्हापासूनचं.

मग साहेब टाचणीबाईकडे वळले आणि आवाज उतरवून म्हणाले, "बाई, एवढंच बघा. माझ्या हाताखाली काम केलेली माणसं लांबून आली आहेत. आजच्या दिवस मी त्यांना पूर्वीसारखा दिसलो पाहिजे. उद्यापासून काय दिसायचं ते दिसू दे."

शिवण उसवून पुन्हा घालायला आता सवड नव्हती. टाचणीबाईने पाठीकडचं सगळं ढगळ कापड गोळा केलं, खांद्यापासून कमरेपर्यंत त्याच्या जाड चुण्या घातल्या आणि बाहीवरच्या टाचण्या एकेक करून त्यात रोवल्या. खांद्यांच्या आत कापसाच्या घड्या सरकवल्या. साहेब आरशासमोर उभे राहिले. समोरून बघणाऱ्याला वाटावं, गाऊन यांच्याचसाठी बेतलाय. मागून मात्र घाईत बांधलेलं गाठोडं.

"टोचतंय?"

"टोचू दे," साहेब म्हणाले आणि तोंडावर पाणी मारायला आत गेले.

बायको उठून टाचणीबाईजवळ आली. "तुमचा हात या कामाला सरावलेला दिसतोय."

"आमच्या ह्यांचे शर्ट आत घ्यायचे मी. दुपारी त्यांचा डोळा लागला की घ्यायचे दोन्ही बाजूंनी थोडे थोडे. आपण वाळत चाललोय हे त्यांना कळू नये म्हणून."

"नाही कळलं?"

"कळलं तर! बाजूंनी आत घेतलं की खिसा सरकतो ना. एक दिवस म्हणाले, अगं, खिसा काखेत चाललाय, पेन काढताना गुदगुल्या होतात." टाचणीबाई हसली. बायकोही हसली.

तेवढ्यात कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी मुलगी दार ढकलून आत आली. "चला चला, सर! समोरच्या पायऱ्यांनी वर यायचं, मग लोकांकडे तोंड करायचं."

टाचणीबाईने दाराकडे धाव घेतली. समोरच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे सगळ्या सभागृहाकडे पाठ.

"यांना पडद्यामागून येऊ दे की गं."

"कॅमेरे पायऱ्यांवर लावलेत मावशी. सगळे तिथूनच येतात." आणि ती आली तशी गेली.

"मी येते याच्या मागून," बायको म्हणाली.

बाहेर आलेल्या साहेबांनी ते ऐकलं. "मुळीच नाही. म्हणतील, धरून आणला म्हाताऱ्याला."

"धरत कोणी नाही तुला. मी आपली मागून चालेन."

"आणि लोक विचारतील, ह्या कोण?"

बायकोने स्वतःकडे पाहिलं. अंगात करडा स्वेटर, खांद्याला शाळेची पिशवी. टाचणीबाईने कपाट उघडलं. मागे एकदा एक पाहुणे ऐनवेळी आलेच नव्हते. त्यांचा गाऊन अजून तिथेच लटकत होता. तो तिने बायकोच्या अंगावर चढवला. एकही टाचणी लागली नाही.

"अहो, मी काय केलंय आयुष्यात? पोरांना अक्षरं गिरवायला लावली!"

"शिकलात ना इथंच? मग माजी विद्यार्थिनीच की. पिशवी द्या इकडे."

साहेबांचं नाव पुकारलं गेलं. टाचणीबाई पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. साहेब पायऱ्या चढू लागले, सावकाश, कठड्याला हात न लावता. त्यांच्या मागे बरोबर एका पायरीवर बायको, दोन्ही हातांनी गाऊन फुलवून, पिल्लांच्या मागे कोंबडी चालावी तशी. निवेदक गोंधळून पडद्याकडे सरकला.

"या कोण?"

"याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी," टाचणीबाई कुजबुजली. "शिक्षिका आहेत."

हातातल्या कागदावर तसं काहीच नव्हतं. निवेदकाने घसा साफ केला आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. लोकांचं काय, गाऊन दिसला की ते टाळ्या वाजवतात. पण त्या थांबायच्या आत साहेब वळून लोकांसमोर उभे राहिले होते, खांदे रुंद, छाती भरलेली, आणि मागच्या रांगांतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, आहे तसे आहात!" कुलगुरूंनी साहेबांच्या गळ्यात पदक घातलं. बायकोसाठी पदक नव्हतं, म्हणून त्यांनी तिचा हात हातात घेऊन हलवला. उतरतानाही ती सावलीसारखी मागेच होती.

खोलीत आल्यावर साहेब स्टुलावर बसले. टाचणीबाई टाचण्या काढून परत बाहीवर लावू लागली. एकेक चूण सुटत गेली तसा गाऊन सैल होऊन त्यांच्याभोवती पसरला.

"मागून कसा दिसत होतो?" त्यांनी विचारलं.

"मागून ताईच दिसत होत्या."

साहेबांनी मान हलवली. "पुलाचंही असंच असतं. लोक वरून जातात. खाली काय आहे ते कुणी वाकून बघत नाही."

"पुरे भाषण," बायको म्हणाली. "स्वेटर घाल. थंडी आहे बाहेर." आणि दोघांचे गाऊन उतरल्यावर आपला करडा स्वेटर तिने त्यांच्याच अंगात घातला. तो त्यांना नीट बसला.

दोघं गेल्यावर टाचणीबाईने साहेबांचा गाऊन टेबलावर पालथा पसरला. पाठीवर चुण्यांच्या रेघा उमटल्या होत्या. इस्त्री फिरवली की जाणार होत्या. तिने इस्त्री तापवली, हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरली. मग बटण बंद केलं आणि गाऊन होता तसाच खुंटीला लावला.