अडलेली सरकपट्टी

विजयसिंहांचा संशयी स्वभाव नेकनूरच्या बाजारात प्रसिद्ध होता. दोनदा सरपंचकी केलेला माणूस. चहात साखर कमी पडली तरी त्यांना विरोधकांचा हात दिसायचा. त्यामुळे लेकीच्या वर्कशॉपमधली सरकपट्टी अडली तेव्हा हा घातपातच, हे त्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं.

लेक राजनंदिनीनं इंजिनिअर होऊन बापाच्या शेडमध्ये वर्कशॉप थाटलं होतं. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातला, उजेड टिपणारा डिटेक्टर केसाहून कमी अंतरानं मागंपुढं करणारी पट्टी तिथं घडली होती. ताऱ्यांचा उजेड इतका अंधूक, की डिटेक्टरची स्वतःची ऊबही त्याला झाकून टाकते. म्हणून सगळं द्रव नायट्रोजनच्या जीवघेण्या गारठ्यात चालायला हवं. दसऱ्याआधी पट्टी त्या गारठ्यात सुरळीत फिरली होती. आता बाहेर फिरायची, गारठ्यात गेली की हटून बसायची. आणि परवा वेधशाळेची माणसं ती न्यायला येणार होती.

"परम्याचंच काम हाय हे," विजयसिंह म्हणाले.

परमेश्वर म्हणजे त्यांचा शाळासोबती. लेथवर पट्टी त्यानंच घडवलेली. पुण्याच्या एका कारखान्यातून त्याला बोलावणं आहे, हे त्यांच्या कानावर होतंच. वर खंडेनवमीला सगळं गाव हत्यारं पुजत असताना हा गडी न सांगता गायब! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"कुठं गेलतास बे त्या दिवशी?" त्यांनी सगळ्या कामगारांदेखत विचारलं.

"पुण्याला."

"बघा! इकलं आमाला!"

परमेश्वरचा चेहरा उतरला. त्यानं हात पुसले, चपला घातल्या आणि बाहेर लिंबाखाली जाऊन कुणाला तरी फोन लावला. विजयसिंहांना वाटलं, बरी जिरवली. तरी आत कुठंतरी टोचलंच.

तोवर राजनंदिनीनं पट्टी खोलली होती. तिनं आत बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"आबा, यात तेल गेलंय. गारठ्यात ते दगड होतं, म्हणून तर आपण थेंबही घालत नाही. धुऊन होईल नीट, पण परत जुळवायला परमेश्वरकाकाच लागतील."

तिनं बोट पुढं केलं. तो वास ओळखायला विजयसिंहांना शिक्षण लागत नव्हतं. करडई. घरचं तेल.

खंडेनवमीला आजोबांची तलवार, विळे, नटबोल्टचे पाने, सगळं पुसून त्यांनीच तेल लावलं होतं. लेक पाहुण्यांत गुंतलेली, आणि मांडणीत ही पट्टीही चकाकत होती. कोरडं हत्यार कसं पुजायचं, म्हणून तिच्यावर दोन थेंब जास्तच सोडले होते. त्या दिवशी तेलाच्या वाटीकडं न फिरकलेला शेडमधला माणूस एकच होता, परमेश्वर.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तसेच अनवाणी लिंबाखाली गेले.

"परम्या, चुकलं बे माजं. तेल मीच लावलतं."

परमेश्वरनं फोन खिशात टाकला. "सरपंच, मी पुण्याला गेलतो ते कारखान्याला न्हाई म्हणून सांगाया. म्हणलं, मानानं बोलावलंय, तर तोंडावर जाऊन सांगावं."

"मग झालं तर! चल आत."

"आत्ता त्यांनाच लावलता फोन," परमेश्वर म्हणाला. "येतो म्हणलो."