आबा नावाची बहीण

पलूसच्या बाजारपेठेत अश्फाकचं गादीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं कापूस पिंजायचं मशीन आणि त्याच्या मागं दोन खोल्यांचं घर. त्या घरातली अश्फाकची सात वर्षांची लेक सबा सगळ्या गल्लीत ‘आबा’ म्हणून ओळखली जायची. हे नाव ठेवलं होतं तिच्या धाकट्या भावानं. अफताबला चौथं वर्ष लागलं तरी ‘सबा’ म्हणता येत नव्हतं. निदान ‘आपा’, म्हणजे ताई, तरी म्हण, असं अम्मी शिकवून थकली, पण तो आपला ‘आबा’वर ठाम. मग समोरचे किराणा दुकानदार मानसिंगकाकाही मुद्दाम हाक मारायचे, “काय आबा, शाळंला दांडी का आज?” सबाला राग यायचा नाही. म्हाताऱ्याचं का असेना, पण भावानं दिलेलं नाव होतं ते.

अफताब बोलायचा भरपूर, पण ते कळायचं फक्त सबाला. ‘आनी’ म्हणजे पाणी, ‘आयअल’ म्हणजे सायकल. एकदा ‘डुम’ म्हटलं की रिकामा ट्रॅक्टर, दोनदा म्हटलं की उसानं भरलेला. पाहुणे आले की अफताब काहीतरी सांगायचा, पाहुणे सबाकडं बघायचे आणि ती घडाघडा अर्थ सांगायची. अम्मीसुद्धा स्वयंपाकघरातून ओरडायची, “सबा, काय म्हणतुया बघ गं त्यो!”

मशीनची घरघर चालू असताना अफताब शेजारच्या गादीवर गाढ झोपायचा. “लय गुणाचं पोरगं,” असं गिऱ्हाइकं म्हणायची. चालायला तो उशिरा लागला होता आणि अजूनही धावताना आपटायचा. दिवेलागणीला गल्लीत अंधार पडला की सबाचा फ्रॉक मुठीत धरल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. भित्रा आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. बोलण्याचं विचारायला अम्मी एकदा त्याला एका डॉक्टरांकडं घेऊन गेली होती. “घरात हिंदी, बाहेर मराठी; पोराचा गोंधळ होतोय. एकच भाषा बोला,” असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून अम्मी घरात नुसती मराठीच बोलायची. स्वतःच्या आईशी फोनवर बोलायचं तरी अंगणात जायची.

त्या वर्षी क्रांती नावाची एक श्रवणतज्ज्ञ आणि संशोधक सांगलीहून पलूसच्या अंगणवाडीत येऊ लागली. मूळची फलटणची. लहान मुलं बोलायला कशी शिकतात, कुठं अडतात, याचा अभ्यास ती करत होती. मुलांसमोर खेळणी मांडायची, गप्पा मारायची आणि ते बोलणं रेकॉर्ड करून ठेवायची. शनिवारी सबाची शाळा लवकर सुटायची, तेव्हा अफताबला घरी न्यायला ती अंगणवाडीच्या दारात उभी असायची. अशाच एका शनिवारी क्रांती अफताबपुढं चित्रं धरून बसली होती.

“हे काय आहे?”

“आयअल,” अफताब म्हणाला.

“सायकल म्हणतोय,” दारातून सबा बोलली.

“आणि हे?”

“डुमडुम.”

“उसाचा ट्रॅक्टर. भरलेला हाय ना चित्रात, म्हणून दोनदा.”

क्रांती हसली. तिनं सबाला आत बोलावलं, शेजारी बसवलं आणि बराच वेळ दोघांकडं बघत राहिली. मग हळूच अफताबच्या पाठीमागं गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “अफताब, चॉकलेट हवंय?” खोलीतली बाकीची सगळी पोरं वळली. अफताब ट्रॅक्टरच्या चित्रावर बोट फिरवत राहिला.

“तो मागनं ऐकत न्हाई मॅडम,” सबा समजुतीनं म्हणाली. “त्याला पुढनं सांगायचं असतंय.”

त्याच दुपारी क्रांती दुकानात आली. अश्फाकनं मशीन बंद केलं. अफताबचे कान तपासायला हवेत, असं तिनं सांगितल्यावर अम्मी म्हणाली, “आवं मॅडम, ऐकतोय की त्यो! दार आपटलं की दचकतोय. दोन भाषांमुळं गोंधळलाय, असं डॉक्टर म्हणले.”

“दोन भाषांनी मुलाचं बोलणं अडत नाही, ताई. घरोघरी मुलं दोन-दोन, तीन-तीन भाषा शिकतात. तुम्ही तुमच्या भाषेत खुशाल बोला त्याच्याशी. पण दार आपटल्याचा आवाज जाड असतो. बारीक आवाज त्याला येतात का, ते बघू.”

ठरल्या दिवशी चौघं सांगलीला गेले. वाटेत एसटीत अब्बा म्हणाले, “आज अफताबच्या कानाची परीक्षा हाय.” परीक्षा हा शब्द सबाच्या डोक्यात पक्का बसला.

तपासणीची खोली जाड भिंतींची होती आणि एका बाजूला काच. काचेपलीकडं क्रांती यंत्रापाशी बसली. खोलीत दोन बाजूंना स्पीकर, मध्ये खुर्चीवर अफताब, त्याच्या हातात लाकडी ठोकळा, पुढ्यात प्लॅस्टिकची बादली. आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा, एवढाच खेळ. अम्मी आणि सबा समोर बसल्या.

पहिला आवाज जाडाभरडा होता. अफताबनं ठोकळा टाकला. दुसराही टाकला. मग आवाज बारीक होत गेला, पाखराच्या पिल्लासारखा. अफताब गप्प. सबाचा जीव वर-खाली झाला. परीक्षेत भाऊ नापास होणार! पुढचा आवाज आला तशी तिनं अलगद भुवई उचलली. ठोकळा पडला, धप्. पुन्हा आवाज, पुन्हा भुवई, पुन्हा धप्. शाळेत कुणी पाटीत डोकावलं तर बाईंना सांगणारी ही मुलगी, पण इथं तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. अफताबचं बोलणं ती सांगतेच की, मग त्याचं ऐकणं सांगितलं तर काय बिघडलं?

क्रांती आत आली. रागावली नाही. “सबा, बाहेर चल. मला तुझी मदत लागणार आहे.”

तिनं सबाला काचेपलीकडं आपल्याजवळ बसवलं. यंत्राला हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं. काचेतून अफताब दिसत होता. त्यानं ठोकळा कानाजवळ धरला होता आणि सबा गेली त्या दाराकडं तो बघत होता.

“मॅडम, आवाज लावा की.”

“लावलाय.”

सबानं काचेला नाक लावलं. “आता?”

“आताही चालू आहे. अम्मीकडं बघ.”

अम्मीनं आवाज ऐकून मान वर केली होती आणि ती डोळे पुसत होती. अफताब तसाच. ठोकळा कानाशी, नजर दाराशी. इतका वेळ कुणी त्याला काही सांगत का नाही, असा त्याचा चेहरा झाला होता.

“मोठा लावा मॅडम. अजून मोठा,” सबा म्हणाली आणि मग तिचं तिलाच रडू फुटलं.

क्रांतीनं तिला कुशीत घेतलं.

दोन्ही कानांनी अफताबला बरंच कमी ऐकू येत होतं. जाड आवाज थोडेफार कळायचे. ‘स’, ‘श’, ‘च’सारखे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. क्रांतीनं त्याला मऊ फोमवर डोळे मिटून उभंही करून बघितलं, तेव्हा तो एकदम कलंडला. “तोल सांभाळणारी जागासुद्धा कानाच्या आतच असते,” ती अश्फाकला म्हणाली. “तिथंही थोडी कमतरता आहे. डोळ्यांच्या आधारावर चालतो तो. म्हणून अंधारात घाबरतो. मऊ गादीवर उभं राहणं, चेंडू झेलणं, असे व्यायाम रोज करायला हवेत. घरी गादी आहे ना जाडशी?”

इतका वेळ खाली मान घालून बसलेला अश्फाक पहिल्यांदा हसला. “गाद्याच हायत मॅडम. दुसरं हाय काय आमच्याकडं?”

तपासण्या पुऱ्या झाल्या आणि अफताबला दोन कानांना दोन निळी श्रवणयंत्रं मिळाली. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी ऐकून तो किंचाळत पलंगाखाली शिरला. यंत्रं ओढून काढायचा, भिरकावून द्यायचा. सबा त्याला पुन्हा घालायची आणि प्रत्येक आवाजाची ओळख करून द्यायची. ही चमच्याची किणकिण, ही चप्पल, ही चिमणी. अम्मीनं पुन्हा मोकळेपणानं आपल्या भाषेत बोलायला सुरुवात केली. गादीवर उड्या मारायचा कार्यक्रम रोज संध्याकाळी रंगायचा. “गिऱ्हाइकाची हाय रं, पाय धुऊन चढा!” असं अश्फाक ओरडायचा आणि स्वतःच चेंडू टाकायला उभा राहायचा.

महिन्यामागून महिने गेले तसे अफताबचे शब्द बदलू लागले. ‘आनी’चं पाणी झालं. सायकलीला चाकं फुटावीत तसा ‘स’ फुटला. आणि एका सकाळी त्यानं हाक मारली, “सबा!”

अम्मीनं त्याला उचलून गरगर फिरवलं. सबाही हसली, पण आता तो ‘आबा’ म्हणणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम म्हणाली, “अफताब, डुमडुम आला बघ!” तर तो मान हलवून म्हणाला, “टॅक्टर.” वर तिलाच शिकवल्यासारखं बोट दाखवलं.

खरा घाव बसला मानसिंगकाकांच्या दुकानात. दोघं बिस्किटं आणायला गेले होते. सबा तोंड उघडणार तोच अफताब पायरीवर चढला, “काका, बिस्कित द्या.” काकांना ते पहिल्या झटक्यात कळलं. त्यांनी बिस्किटं दिली, वर गोळी दिली, “शाबास रं गड्या!” म्हणून पाठ थोपटली. अफताबनं एकदाही मागं वळून सबाकडं बघितलं नाही.

त्या रविवारी दुपारी जेवून अफताब झोपला होता. झोपताना अम्मी यंत्रं काढून डबीत ठेवायची. सबानं डबी उघडली, ती दोन निळी यंत्रं मुठीत घेतली आणि मशीनशेजारच्या कापसाच्या ढिगात खोल हात घालून सोडून दिली. त्यांना मोडायचं वगैरे तिच्या मनात नव्हतं. एक दिवस, फक्त एक दिवस अफताबनं पहिल्यासारखं तिच्या तोंडाकडं बघावं, एवढंच.

ती अंगणात येऊन बसते न बसते तोच मशीन सुरू झालं. अश्फाकला संध्याकाळपर्यंत लग्नाच्या रुखवताची गादी द्यायची होती. सबा पळत आत गेली. अब्बांची पाठ तिच्याकडं होती आणि ते त्याच ढिगातला कापूस कवळ्यानं उचलून मशीनमध्ये घालत होते.

“अब्बा, थांबा!”

घरघर चालूच.

“अब्बा! यंत्र हाय त्यात! अब्बा!” घसा फुटेल असं ती ओरडली. अब्बांच्या पाठीवर काहीच हललं नाही. कापूस उडत होता, मशीन गरगरत होतं आणि तिचा आवाज तिच्या तोंडापासून पुढं जातच नव्हता. क्षणभर ती तिथंच थिजली. मग धावत जाऊन तिनं अब्बांचा सदरा दोन्ही हातांनी ओढला.

मशीन बंद झालं. हुंदके देत सबानं सगळं सांगितलं. अश्फाकनं हात उगारला नाही. तो खाली बसला आणि ढीग मूठ-मूठ करून चाळू लागला. अम्मी आली, तीही बसली. आवाज थांबला म्हणून की काय, अफताबही उठून आला. त्याला वाटलं नवा खेळ. तो कापूस हवेत उधळू लागला. एक यंत्र लवकर सापडलं. दुसरं सापडेपर्यंत अम्मीचे ओठ हलत होते, ती दुवा मागत होती. शेवटी ते सबाच्याच बोटांना लागलं. तिनं फुंकर मारून कापूस झटकला.

अफताबनं ते पाहिलं, खेळ टाकून तिच्यापुढं येऊन बसला आणि स्वतःचा कान तिच्याकडं केला. “दे. घाल,” म्हणाला. सबानं दोन्ही यंत्रं घातली. बटण दाबताच त्याचा चेहरा उजळला. हा चेहरा आपण दडवायला निघालो होतो, हे सबाला तेव्हा दिसलं.

“का केलंस बाळा?” अम्मीनं विचारलं.

“त्याला आता मी लागत न्हाई.”

अम्मीनं कापसानं भरलेल्या हातांनीच तिला ओढून घेतलं. “आता त्याला समदी लागत्यात, म्हणून काय तू लागत न्हाईस व्हय? येडी. त्याला बोलायला कुणी शिकवलं? मी तर चुलीपुढं हुते.”

पुढच्या वेळी क्रांती आली तेव्हा अम्मीनं तिला सगळं सांगितलं. क्रांतीनं अंगणवाडीतलं जुनं रेकॉर्डिंग आणलं होतं. “सबा, यातलं अर्धं मला कळत नाही. ज्या मुलांना कमी ऐकू येतं, ती उरल्यासुरल्या आवाजांतून भाषा कशी बांधतात, ते मला समजून घ्यायचंय. तुझ्याशिवाय कोण सांगणार?” मग दोघी गादीवर लोळत ऐकत राहिल्या. आपले जुने बोल ऐकून अफताब खदखदा हसत होता. त्याला स्वतःला एकाचाही अर्थ आठवत नव्हता. सबाला सगळे आठवत होते. ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिलाही हसू येऊ लागलं.

रमजान ईदला घरात पाहुण्यांची गर्दी झाली. अम्मी शीरखुर्म्याच्या वाट्या भरत होती. शेवटची काजू-बदाम भरपूर आलेली वाटी अफताबची होती. तो कोपऱ्यात पाहुण्यांच्या पोरांबरोबर गाडी खेळत, तोंडानं काहीतरी बडबडत होता. सबानं वाटीकडं बघितलं, भावाकडं बघितलं आणि जुन्या सवयीनं गंभीर तोंड करून म्हणाली, “अम्मी, अफताब म्हणतोय, त्याला नको. माझी वाटी सबाला दे, म्हणतोय.”

कोपऱ्यातली गाडी थांबली.

“मी न्हाई म्हनलो!” अफताब तिथूनच ओरडला. “सबा खोतं बोलती! माझी हाय ती!”

मग अश्फाक असा हसत सुटला की त्याच्या हातातली वाटी हिंदकळली. अम्मीनं कमरेवर हात ठेवून सबाकडं रोखून बघितलं, “आजवर असं किती खाल्लंस गं त्याच्या नावावर?”

तोवर अफताब तरातरा येऊन दोन्ही हातांनी वाटी ओढत होता आणि सबा ती सोडत नव्हती. दोघं तोंडानं, मोठमोठ्यानं भांडत होती. अम्मी सोडवायला पुढं झाली नाही. पदर तोंडाला लावून ती नुसती ऐकत उभी राहिली.