पंचेचाळीस मिनिटांचं अंतर

मावशीच्या पोटावरून पट्टा ओढून भाचीनं तो खटकन बसवला.

"घट्ट नाही ना झाला?"

"नाही गं. विमान म्हणजे केवढं असेल वाटलं होतं. हे तर शाळेच्या बसएवढंच!"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मावशी भाचीकडे निघाली होती. आई गेल्यावर चार वर्षांच्या पोरीला मावशीनं आणि काकांनी पोटाशी धरलं होतं. मावशीनं शाळांचे गणवेश शिवून तिला दातांची डॉक्टर केलं. पण डॉक्टरीणबाई दवाखाना थाटल्यापासून वर्षाकाठी एकदा, तेही उभ्या उभ्या यायच्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सरळ विमान नाही गं. दोन ठिकाणी बदलावं लागतं, अख्खा दिवस मोडतो." मावशी तेच शेजारीपाजारी कौतुकानं सांगायची.

या खेपेला भाची म्हणाली होती, "नशीब बघ, आत्ताच सरळ विमान सुरू झालंय."

विमान वर चढून स्थिरावलं, तसा वैमानिकाचा आवाज आला. "आपला हवेतला वेळ पंचेचाळीस मिनिटं. या मार्गावरच्या आपल्या सेवेला आज सहा वर्षं पूर्ण होतायत. त्यानिमित्त सगळ्यांनी तोंड गोड करावं."

टाळ्या पडल्या. चॉकलेटांचा ट्रे पुढे आला. भाचीनं एक उचललं, पण बोटांना कागद सुटेना. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

मावशी खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली,

"काकांना जाऊन किती वर्षं झाली गं?"

"दोन."



काका पहाटे गेले होते. त्यांना न्यायला जमलेली माणसं तिच्यासाठी संध्याकाळपर्यंत खोळंबली. "लांबून यायचंय पोरीला," असं म्हणत मावशी उंबऱ्यात बसून राहिली होती. पोर उगवली दुसऱ्या दिवशी. आदल्या दुपारी तिच्या दुसऱ्या दवाखान्याचं उद्घाटन होतं, पाहुणे बोलावलेले होते. सरळ विमान दोनला होतं. जागाही होत्या. तिनं बघितल्या होत्या.

उतरल्यावर सामानाची वाट बघत दोघी बाकावर बसल्या. मावशीचा फोन वाजला. पलीकडे शेजारीण होती. तिचा खणखणीत आवाज भाचीलाही ऐकू येत होता.

"पोचलात का हो? कसा झाला प्रवास?"

मावशीनं क्षणभर भाचीकडे पाहिलं.

"पोचलो बाई एकदाचे. फार लांब आहे हो. अंग नुसतं आंबून गेलं. पोर कशी येत असेल तिची तिलाच ठाऊक."

फोन पर्समध्ये गेला. भाचीनं मान खाली घातली. तिला वाटलं, मावशीनं चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

"मावशी, त्या दिवशी मी..."

"थेंब घालायची वेळ झाली बघ," मावशी म्हणाली. चष्मा काढून मांडीवर ठेवत तिनं मान मागे टाकली आणि डोळे उघडे धरले.

भाचीनं बाटली काढली. रोज लोकांच्या दाढा उपटणाऱ्या हातानं ती पापणीशी नेली. थेंब चुकला आणि मावशीच्या गालावरून ओघळला.

"गालावर गेला," मावशी म्हणाली. "दुसरा घाल."